सुई, रंग आणि एक खोटे ‘हो’

मराठी शिकवणाऱ्या माणसाने एअरब्रशवर लेख लिहावा, हे ऐकून माझे विद्यार्थी हसतील. हसोत बापडे! गेल्या दिवाळीत या वीतभर यंत्राने माझी जी फजिती केली, ती वाचकांपैकी कोणाची होऊ नये, एवढाच माझा हेतू.

आमची कन्या नववीत आहे. किल्ल्यावरची शाडूची चित्रे ती स्वतः घडवते. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या गालावर फवाऱ्याने उतरणारी गुलाबी छटा तिने पाहिली आणि एअरब्रशचा हट्ट धरला. मी दुकानात गेलो तो स्वस्तात स्वस्त वस्तू आणण्याच्या बाण्याने. सुदैवाने ती बरोबर होती.

तिने डबल ॲक्शनचाच मागितला. त्याचा घोडा दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की रंग. जितका ओढाल तितका अधिक. सिंगल ॲक्शनमध्ये दाबताच दोन्ही एकदम सुटतात, मग छटा कसली साधते! रंगाचा पेला वरच्या बाजूस असावा. रंग आपल्या वजनाने खाली उतरतो, चार थेंबांत काम होते आणि धुणेही सोपे. सुई ०.३ मिलिमीटरची पुरे. ०.२ ची रेघ मोह घालते खरी, पण ती तुंबतेही लवकर.

काटकसर करायचीच तर ती कॉम्प्रेसरवर नको. टाकी नसेल तर पंपाच्या ठोक्यागणिक हवा हिसके देते. आपल्या दमट हवेत नळीत पाणीही साचते, म्हणून ते अडवणारी बाटली हवीच. रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पौंड, तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी. एवढे झाले की सुरुवात करावी.

वसुबारसेच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मला हुक्की आली. पुठ्ठ्याच्या बुरुजांवर मी काळपट हिरवी सावली धरली, स्वतःवर खूष झालो आणि ‘सकाळी धुऊ’ म्हणून एअरब्रश तसाच ठेवला. ॲक्रिलिक रंग सुकायला रात्र लागत नाही, काही मिनिटे पुरतात.

सकाळी तिने केशरी रंग भरला. फवारा येईना. तिने घोडा आणखी ओढला, तशी आतली खपली सुटली आणि महाराजांच्या चेहऱ्यावर हिरवे शिंतोडे उडाले. त्या चेहऱ्यावर तिचे पंधरा दिवस गेले होते.

“बाबा, काल कोणी वापरला होता? धुतला होता ना?”

“हो,” मी म्हणालो.

दुपारी ती बाहेर गेल्यावर मी गुपचूप तो खोलला. नोझल परत बसवताना ते पकडीने आवळले. मोहरीएवढे ते नाजूक पितळ, चिरले! मग मात्र सगळे कबूल करावे लागले. ती रागावली नाही. “चुकलं त्याचं नाही, पण ‘हो’ का म्हणालात?” एवढेच विचारले. वर्गात मी कधी निरुत्तर होत नाही.

पुढे तिनेच मला धुणे शिकवले. रंग बदलला की पेला रिकामा करून पाणी फवारायचे. मग टोकावर फडके धरून घोडा हलकेच ओढायचा, म्हणजे हवा उलटी फिरून पेल्यात बुडबुडे येतात आणि आतला रंग वर निघतो. काम संपले की सुई काढून ओल्या फडक्याने मागून टोकाकडे पुसायची. उलट पुसली तर टोक वाकते आणि फवारा तिरका जातो. नोझल बोटांनी किंवा सोबतच्या छोट्या पान्यानेच बसवायचे. सगळा एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नये, आतल्या रबरी चकत्या फुगतात.

नवे नोझल भाऊबीज उलटल्यावर आले. महाराजांचा चेहरा तिने साध्या कुंचल्याने सावरला होता. डाव्या कानाजवळ एक हिरवा ठिपका अजून दिसतो.

यंदाच्या किल्ल्याची चित्रे तयार आहेत. रंगवण्याचे काम तिच्याकडे आणि धुण्याचे माझ्याकडे. धुऊन झाल्यावर सुई तिला दाखवावी लागते.