यवतेश्वरचा घाट आणि मंगळवारचे दुखणे

साताऱ्याची हिल मॅरेथॉन रविवारी असते. सोमवारी माझ्या दवाखान्यात त्या शर्यतीचे फारसे कोणी येत नाही. गर्दी होते ती मंगळवारी. रविवारी पदक गळ्यात घालून हसत घरी गेलेली मंडळी मंगळवारी खुर्चीचे दोन्ही हात धरून, दात-ओठ खात खाली बसतात. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, पळताना काही झालं नाही, काल कामावरही गेलो, मग आजच मांड्या का भरून आल्या?"

प्रश्न रास्त आहे. दरवर्षी तो इतक्या जणांकडून ऐकतो की यंदा शर्यतीच्या आधीच त्याचे उत्तर लिहावे असे ठरवले.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. २०१२ सालापासून, बहुधा सप्टेंबरात, ती होत आली आहे. आपण बोलताना मॅरेथॉन म्हणतो, पण खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, ही तिच्या निम्मी, २१ किलोमीटरची. शहरातून निघायचे, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर ठरलेल्या जागी वळसा घ्यायचा आणि त्याच वाटेने खाली यायचे. म्हणजे पहिला निम्मा भाग बहुतेक चढाचा, दुसरा बहुतेक उताराचा. चढ हजार फुटांच्या आसपास. २०१५ साली डोंगरातल्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू उतरल्याची नोंद गिनीज बुकात झाली, ती याच शर्यतीची.

मी ही शर्यत तीनदा धावलो आहे आणि बाकीच्या वर्षी मलमपट्टीच्या टेबलाशी उभा राहिलो आहे. बाहेरगावची माणसे परत परत का येतात हे घाटात गेल्याशिवाय कळत नाही. पाऊस नुकताच सरत आलेला असतो. कडेला तेरडा फुललेला, सोनकी पिवळी झालेली. एका वळणावर धुके बाजूला सरते आणि खाली सगळे सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसतो. शहरात तर माणसे सकाळी सहा-साडेसहापासून दारात उभी. ढोल, लेझीम, शाळेची पोरे हात पुढे करून टाळी मागतात. मुंबईच्या एका बँकेतले गृहस्थ मला म्हणाले, "आमच्याकडे शर्यतीमुळे रस्ता बंद झाला म्हणून लोक वैतागतात, इथे आजीबाई संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या."

पण या सगळ्यांकडून अनुभव ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक जण चढाबद्दल बोलतो. कुठे दम लागला, कुठे चालावे लागले, कोणत्या वळणावर वाटले की आता बस. उताराबद्दल सगळ्यांचे एकच वाक्य, "येताना काय, उतारच होता." करंज्यातल्या एक शिक्षिका, वय सेहेचाळीस, मला सांगत होत्या, "घाट चढताना निम्मा चाललेच. वळसा घेतला आणि मग मोकळी सुटले. इतकी छान कधीच पळाले नव्हते." याच बाईंना बुधवारी शाळेचा जिना उतरता येईना म्हणून वर्ग खालच्या मजल्यावर घ्यावा लागला.

याचे उत्तर मला सर्वांत सोप्या शब्दांत दिले ते एस.टी.च्या एका चालकाने. तो स्वतः शर्यत धावला होता. म्हणाला, "साहेब, घाट चढताना इंजिन तापतं आणि उतरताना ब्रेक तापतात. सारखा ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरवला तर लायनर जळतात." शरीरशास्त्राच्या पुस्तकात दोन पाने खर्ची घालून हेच लिहिलेले असते.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार भागांचा एक मोठा स्नायू आहे. चढताना तो आखडतो आणि शरीर वर उचलतो. यात मेहनत पुष्कळ, म्हणून छाती धपापते, घाम येतो. उतरताना वेगळेच घडते. पाय जमिनीवर आपटतो, गुडघा थोडा वाकतो आणि त्या क्षणी सगळे वजन खाली कोसळू नये म्हणून हा स्नायू ते धरून ठेवतो. धरून ठेवत असतानाच तो ताणलाही जात असतो. विहिरीतून भरलेली घागर वर ओढताना दंड दुखतात. पण तीच घागर दोर हळूहळू सोडत खाली न्यायची म्हटली, तर दोर हाताला काचतो आणि तळवा सोलतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीत असा दोर सुटत असतो, आणि दहा किलोमीटरच्या उतारात अशी पावले काही हजार पडतात. स्नायूंच्या अतिसूक्ष्म तंतूंना त्यामुळे बारीक इजा होते.

ही इजा त्या वेळी जाणवत नाही. जखम दुरुस्त करायला शरीर तिथे पाणी आणि पेशी पाठवते, सूज येते, मज्जातंतू हळवे होतात, आणि या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून दुखणे बारा ते चोवीस तासांनी सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. रविवारचे दुखणे मंगळवारी येते ते असे. व्यायामशाळेत सर्रास सांगतात की लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे अंग दुखते. ते खरे नाही. ते ॲसिड धावणे थांबल्यावर तासाभरात रक्तातून निघून जाते. मंगळवारी त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा ते "बाहेर काढण्यासाठी" सोमवारी कोणाकडून मांड्या रगडून घेण्यात अर्थ नाही. आधीच इजा झालेल्या जागी जोरात रगडल्याने त्रासच वाढतो. हलके चालावे, भरपूर झोपावे, नेहमीचे जेवण पोटभर जेवावे. चार-पाच दिवसांत बहुतेकांचे आपोआप बरे होते.

उताराची खरी फसवणूक अशी की तिथे दम लागत नाही. चढावर हृदय आणि फुप्फुसे ओरडून सांगतात, हळू जा. उतारावर ती स्वस्थ बसतात आणि बिचाऱ्या मांडीला आवाज नसतो. म्हणून माणूस चढावर वाया गेलेली मिनिटे उतारावर भरून काढायला जातो, आणि तिथेच पाय जातात.

यावर निसर्गाने एक चांगली सोय केली आहे आणि तिचा फायदा फार थोडे लोक घेतात. एकदा उतारावर धावून स्नायू दुखले आणि बरे झाले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने ते तितके दुखत नाहीत. स्नायू जणू ओळख ठेवतो. म्हणून शर्यतीआधी दोन-तीन आठवडे एकदा-दोनदा मुद्दाम उतारावर धावण्याचा सराव करावा. मुंबईच्या सपाट रस्त्यावर सराव करणाऱ्याला उड्डाणपूल शोधावा लागतो. आपल्याला यवतेश्वर दारात आहे, अजिंक्यताऱ्याचा रस्ता आहे. पण सातारकर करतात काय? सकाळी घाट धावत चढतात आणि येताना मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून खाली येतात! पहिल्यांदा दोन-तीन किलोमीटर उतार पुरे. मात्र शेवटच्या आठवड्यात हा प्रयोग नको, नाहीतर दुखरे पाय घेऊनच शर्यतीला उभे राहाल.

उतरताना ढांगा लहान आणि भरभर टाकाव्यात. पाय शरीराच्या फार पुढे टाकू नये, गुडघा ताठ ठेवू नये. मागे रेलून धावले की सुरक्षित वाटते, पण टाच जोरात आपटते आणि हिसका गुडघ्यापर्यंत जातो. बुटाचे बंद घोट्याजवळ घट्ट असावेत. ते सैल राहिले की उतारावर बोटे बुटाच्या पुढच्या टोकाला आपटत राहतात आणि अंगठ्याचे नख काळे पडते. नखे दोन दिवस आधी कापावीत. किरकोळ वाटेल, पण मंगळवारच्या माझ्या रोग्यांत काळ्या नखांचे बरेच असतात.

आता जे किरकोळ नाही ते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक तिशीतला तरुण सोमवारी संध्याकाळी आला. गुडघा आधीपासून दुखत होता म्हणून त्याने निघताना एक वेदनाशामक गोळी घेतली होती आणि वळशापाशी दुसरी. गोळीने दुखणे दाबले, त्यामुळे उतारावर तो बेभान धावला. मांड्या टणक सुजल्या होत्या, पण मला काळजी वाटली ती त्याने सहज सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीची: लघवी काळ्या चहासारखी होत होती. स्नायूंची इजा फार झाली की त्यातले एक लाल द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडात जाऊन बसते. त्यात अंगातले पाणी कमी झालेले, आणि वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंड बंद पडू शकते. त्याला लगेच दाखल करून तीन दिवस सलाइन द्यावे लागले. तो पूर्ण बरा झाला. तो आणखी दोन दिवस घरीच बसला असता तर काय झाले असते, हे त्याच्या आईला मी सांगितले नाही. शर्यतीच्या आधी किंवा शर्यतीत वेदनाशामक गोळी घेऊ नका. आणि नंतर चहाच्या रंगाची लघवी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पाण्याचा घोळ वेगळाच. घाटात गारवा आणि धुके असते. हवा इतकी दमट की घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. घाम वाळला तरच शरीर थंड होते, त्यामुळे धुक्यातही आतून उष्मा वाढतो. म्हणून पाणी प्यायलाच हवे. पण दर टेबलावर थांबून ग्लासामागून ग्लास रिचवणारेही मी पाहतो. त्याचाही अपाय होतो. अमेरिकेत २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम म्हणजे मीठ कमी झालेले आढळले. शर्यत संपेपर्यंत वजन वाढणे हे त्यात मुख्य कारण दिसले. घाम गेला त्याहून जास्त पाणी त्यांनी प्यायले होते. मीठ फार उतरले की डोके दुखते, उलटी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटकेही येतात. आणि जवळचे लोक उष्माघात समजून त्याला आणखी पाणी पाजतात! साधा नियम असा की तहान लागेल तेव्हा, तहानेपुरते प्यावे.

शेवटची रेघ ओलांडली की लगेच उभे राहू नये किंवा मटकन बसू नये. धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतले रक्त दाबून वर हृदयाकडे पाठवत असतात. पाय एकदम थांबले की हा पंप थांबतो, रक्त पायांतच राहते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. फोटोसाठी थांबलेले दोन-चार जण दरवर्षी तिथेच खाली बसतात. दहा मिनिटे चालत राहावे, ओला बनियन बदलावा. कोणी असा घेरी येऊन पडला तर आडवे निजवून पाय उंच करावेत. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

पण पडलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर ती घेरी समजू नये. अशा शर्यतींत हृदय बंद पडण्याचे प्रसंग फार थोडे येतात. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात सुमारे एक कोटी नऊ लाख धावपटूंमध्ये असे ५९ प्रसंग नोंदले गेले. त्यांतले ४२ जण दगावले. जे वाचले त्यांच्यापैकी बहुतेकांची छाती जवळच्या माणसाने लगेच दाबायला सुरुवात केली होती. छातीच्या मधोमध तळहात ठेवून, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. घाटात रुग्णवाहिका धावपटूंच्या गर्दीतून येईपर्यंतची ती मिनिटे तुमच्या हातात असतात. टाळ्या वाजवायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी हे शिकून घेतले तर फार बरे होईल; तासाभराचे काम आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, ज्यांना मधुमेह, रक्तदाब आहे किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेले आहे त्यांनी, नाव नोंदवण्याआधी तपासून घ्यावे. धावताना किंवा चढताना कधी छातीत दडपले असेल, भोवळ आली असेल तर तरुणांनीही. आणि शर्यतीच्या आठवड्यात ताप आला, अंग मोडून आले, तर त्या रविवारी धावू नये. साध्या विषाणूच्या तापातही कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज असते आणि ती बाहेरून कळत नाही. "पण डॉक्टर, पैसे भरलेत, टी-शर्ट मिळालाय," असे दरवर्षी कोणीतरी म्हणतोच. टी-शर्ट घालून समर्थ मंदिरापाशी उभे राहावे. तिथला ढोल ऐकण्यासारखा असतो.