आकडे कुठून आले? डेबियन काय विचारतं

आपल्या मंडळाच्या संग्रहात बडोदे संस्थानच्या शिरगणतीवरून उतरवलेला एक तक्ता आहे. तालुके, घरं, माणसं, सगळं एक्सेलमध्ये नीट भरलेलं. पण कुठल्या सालच्या कुठल्या खंडावरून, हे कुठंच लिहिलेलं नाही आणि ज्यांनी उतरवलं ते आता हयात नाहीत. तक्ता हाताशी असून लेखात वापरता येत नाही. म्हणून आज जरा वेगळ्या गल्लीत डोकावू. मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी आकड्यांचा संच दाखल करून घेताना काय काय विचारतात, ते आपल्या कामाचं आहे.

डेबियन हे लिनक्सचं एक वितरण. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलं. हजारो सॉफ्टवेअर पारखून, एकमेकांशी जुळवून, स्वयंसेवक ते सगळ्यांना मोफत देतात. संख्याशास्त्राची 'आर' ही संगणकभाषाही त्यात मिळते. आरची जोड-पॅकेजं 'क्रॅन' नावाच्या भांडारात असतात. त्यांतल्या काहींत प्रोग्राम जवळजवळ नसतोच, नुसते आकडे. 'कारडेटा' हे तसलंच. (मोटारीशी संबंध नाही, जॉन फॉक्स आणि सॅनफर्ड वाइसबर्ग यांच्या पाठ्यपुस्तकाच्या नावातली ही आद्याक्षरं.) हे आकडे आधी 'कार' या मूळ पॅकेजच्या पोटातच होते. पुढे ते वेगळे काढले, आणि त्यांच्याशिवाय 'कार' चालेना. तेव्हा डेबियनमध्ये नुसत्या आकड्यांचं स्वतंत्र पॅकेज आलं.

रीत साधारण अशी : 'मी हे पॅकेज करतोय' अशी जाहीर नोंद आधी करायची, म्हणजे दोघांनी एकच काम करू नये. मग मूळ संचाला हात न लावता शेजारी एक वेगळी फोल्डर ठेवायची. तिच्यात वर्णन, बदलांची नोंद, हक्क-परवान्याचा कागद. तपासणीचे प्रोग्राम चालवायचे. अधिकृत सदस्याच्या डिजिटल सहीनं ते वर चढतं आणि नव्यांच्या रांगेत थांबतं. इथं माणसं स्वतः ते उघडून वाचतात.

खरी अडचण या रांगेत येते. आरमधले आकडे बहुधा बांधीव फाइलमध्ये असतात, साध्या संपादकात उघडल्या तर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. डेबियनचा नियम म्हणतो, प्रत्येक गोष्टीचं मूळ रूप हवं. मग या फाइलचं मूळ कोणतं? ते नाही सांगता आलं तर पॅकेज परत येऊ शकतं. म्हणून पॅकेज करणारा एक टिपण जोडतो : ही फाइल, तिची माहिती या पानावर, आकडे इथून आले.

कारडेटामधला 'प्रेस्टीज' हा संच बघा. कॅनडातले १०२ व्यवसाय, त्यांतलं शिक्षण, मिळकत वगैरे. उगमाच्या जागी १९७१ च्या शिरगणतीचा खंड, भाग, पानांचे आकडेसुद्धा दिलेत. काही भाग विद्यापीठातल्या अभ्यासकांकडून व्यक्तिशः मिळाला, तर तसंही स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे 'आजोबांकडून ऐकलं' असं लिहायला लोक लाजतात, लाजू नये.

त्याहून मजेशीर 'डेव्हिस'. व्यायाम करणाऱ्या २०० स्त्री-पुरुषांचं वजन आणि उंची, मोजलेली आणि त्यांनी स्वतः सांगितलेली, दोन्ही. बारावी नोंद एका बाईंची. वजन १६६ किलो, उंची ५७ सेंटिमीटर! सांगितलेले आकडे मात्र ५६ किलो आणि १६३ सेंटिमीटर. उघड आहे, भरताना रकान्यांची अदलाबदल झाली. फॉक्स यांना ही चूक पक्की ठाऊक आहे, तरी संचात ती तशीच आहे. एक चुकलेली नोंद सगळा हिशेब कसा ओढून नेते, हे विद्यार्थ्यांना त्यावरूनच शिकवतात. पोथीतला अपपाठ मूळ पानात न खोडता तळटीपेत दुरुस्ती देणारा संपादक आपल्याला परका नाही.

रांगेतून सुटलेलं पॅकेज आधी 'सिड' या अस्थिर शाखेत जातं. हे नाव 'टॉय स्टोरी'तल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं आहे. तिथं टिकलं तर पुढच्या शाखेत.

आपला तक्ता आता दोघांनी वाटून घेतलाय. छापील खंड समोर ठेवून प्रत्येक रकान्यापुढे पानाचा आकडा लिहितोय. दोन तालुक्यांची बेरीज अजून जुळत नाही. ती दुरुस्त केलेली नाही, शेजारी खूण केलीय.