सिंधुदुर्गचा सागरकिनारा

सिंधुदुर्गचा सागरकिनारा : महाराष्ट्र राज्याच्या कोकण विभागातील अगदी दक्षिणेकडील किनारी प्रदेश. जलदुर्ग, पुळणी, खाड्या व सागरी जीवसृष्टी यांसाठी प्रसिद्ध. उत्तरेस वाघोटनच्या खाडीपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत सु. १२१ किमी. लांबीचा हा किनारा देवगड, मालवण व वेंगुर्ला या तीन तालुक्यांत मोडतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला व १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. किल्ले इतिहासासाठी आणि पुळणी विश्रांतीसाठी, असा भेद करून हा प्रदेश पाहण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः ज्या खडकांनी, खाड्यांनी व भरती-ओहोटींनी येथील पुळणी घडविल्या, त्यांनीच किल्ल्यांच्या जागाही ठरविल्या. हा संबंध ध्यानी घेतल्यास येथील स्थलदर्शनाला अर्थ येतो व त्याच्या मर्यादाही कळतात.

भूरचना : सह्याद्रीपासून पश्चिमेकडे उतरत आलेली जांभा दगडाची पठारे येथे थेट समुद्रापर्यंत पोहोचतात. त्यांना स्थानिक भाषेत ‘सडा’ म्हणतात. सड्यांची टोके समुद्रात घुसून भूशिरे व कडे तयार झाले आहेत. लाटांचा मारा भूशिरांवर एकवटतो, तर दोन भूशिरांमधील आखातांत त्यांचा जोर विखुरला जाऊन वाळूचे संचयन होते. म्हणूनच या किनाऱ्यावर कडा आणि चंद्रकोरीच्या आकाराची पुळण यांची जोडी वारंवार आढळते. किनाऱ्यालगत पाण्यात बुडालेले खडक विपुल असून त्यांपैकी काही ओहोटीच्या वेळी उघडे पडतात, तर काही कधीच दिसत नाहीत.

नद्या लांबीने लहान, परंतु पावसाळ्यात वेगवान आहेत. त्यांच्या मुखांशी वाघोटन, देवगड, आचरा, कोळंब, कर्ली, तेरेखोल इ. खाड्या आहेत. कर्ली नदीच्या मुखाशी समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये वाळूचा लांब व अरुंद दांडा तयार झाला असून तारकर्ली-देवबाग ही गावे त्यावर वसली आहेत. देवबागच्या टोकाशी नदी समुद्रास मिळते व पलीकडे भोगवेची पुळण दिसते. संगमाजवळ ओहोटीस उघडे पडणारे वाळूचे बेट तेथील वाळू किती चंचल आहे, हे दाखविते.

विजयदुर्ग : वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेल्या या किल्ल्याचे जुने नाव घेरिया. त्याची उभारणी परंपरेने शिलाहारकाळातील मानली जाते. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेऊन बळकट केला. समुद्राकडून एकामागे एक अशी तिहेरी तटबंदी हे त्याचे वैशिष्ट्य होय. खाडीचे खोल व सुरक्षित पाणी किल्ल्याच्या पाठीशी असल्याने येथे आरमाराचा तळ ठेवणे सोयीचे झाले. खाडीत आत गिर्ये गावाजवळ खडकात खोदलेल्या गोदीचे अवशेष असून ती सु. १०८ मी. लांब व ६९ मी. रुंद आहे. किल्ला व गोदी ही दोन्ही पाहिल्याखेरीज विजयदुर्गचे महत्त्व उमगत नाही. कारण तटाने गोदीचे रक्षण केले व गोदीने आरमार पोसले.

किल्ल्याच्या पश्चिमेस पाण्याखाली भिंतीसारखी रचना आहे. तिची पाहणी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केली आहे. खोल बुडाची शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, अशी परंपरा आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी संयुक्तपणे तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम काढली. तीत अ‍ॅडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी किल्ला घेतला आणि तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. त्याच वर्षी बाणकोटच्या मोबदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला व पुढे पेशव्यांच्या आरमाराचा, विशेषतः आनंदराव धुळप यांचा, तो प्रमुख तळ बनला. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला.

सिंधुदुर्ग : जिल्ह्यास नाव देणारा हा किल्ला मालवणसमोरील कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी केली. तत्पूर्वी किनाऱ्यावरील ज्या खडकाशी पूजा झाली, तो ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून ओळखला जातो. त्यावर गणपती, सूर्य व चंद्र यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. बांधकाम सु. तीन वर्षे चालले. सु. ४८ एकर क्षेत्रास वेढणारा तट नागमोडी असून त्याची लांबी सु. ३ किमी. आहे. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगितले जाते. महाद्वार दोन बुरुजांच्या बगलेत असे लपविले आहे, की होडी अगदी जवळ येईपर्यंत ते दृष्टीस पडत नाही.

या जागेची निवड सभोवतालच्या खडकांमुळे झाली. बेटाभोवती बुडालेल्या खडकांची जाळी असून त्यांतून वाट काढणारे अरुंद मार्ग केवळ स्थानिक तांडेलांस माहीत असत. परकीय जहाजांना येथे तोफेच्या टप्प्यात येणे हेच मोठे संकट होते. किल्ला आणि किनारा यांच्या दरम्यान असलेल्या पद्मगडापर्यंत मोठ्या ओहोटीच्या वेळी वाळूवरून चालत जाता येते. पद्मगड, राजकोट व सर्जेकोट ही ठाणी मिळून मालवणच्या बंदराचा बंदोबस्त होत असे.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना त्यांस गोडे पाणी असणे हा चमत्कार नव्हे. पावसाचे पाणी बेटाच्या पोटात मुरते व खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगून राहते. उपसा बेताचा असेल, तोवरच ते गोडे राहते. छत्रपती राजारामांच्या काळात बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात शिवाजी महाराजांची दाढी नसलेली मूर्ती आहे. तटाजवळील घुमट्यांत चुन्यात उमटविलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे दाखविले जातात. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. मात्र लवकरच तो करवीरकर छत्रपतींना परत करण्यात आला. १८१२ च्या तहान्वये तो इंग्रजांकडे गेला. किल्ल्यात आजही काही कुटुंबांची वस्ती आहे.

जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे दोन्ही आहेत.

दक्षिण भाग : निवतीचा किल्ला व पुळण यांनंतर वेंगुर्ला हे जुने बंदर लागते. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची सागरी कोंडी करताना डच जहाजांना या बंदराचा उपयोग होई. वखारीचे भग्नावशेष अद्याप उभे आहेत. किनाऱ्यापासून दूर समुद्रात ‘वेंगुर्ला रॉक्स’ हा खडकाळ बेटांचा समूह असून तेथील गुहांत पाकोळी जातीचे पक्षी लाळेपासून घरटी बांधतात. वायंगणीच्या पुळणीवर सागरी कासवे अंडी घालतात.

शिरोडा येथील मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. कादंबरीकार वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात येथील शाळेत अध्यापन केले. रेडीजवळ खाडीच्या काठी यशवंतगड असून, तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोलचा किल्ला मात्र गोव्याच्या हद्दीत मोडतो. उत्तरेकडे देवगडचा किल्ला व दीपगृह आणि पुळणीलगतचे कुणकेश्वराचे मंदिर ही स्थळेही प्रेक्षणीय आहेत.

हंगाम व दळणवळण : ऑक्टोबर ते मार्च हा काळ पर्यटनास उत्तम. हिवाळ्यात पाणी नितळ असते. पावसाळ्यात वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी. च्या आसपास असलेल्या या प्रदेशात समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे साधारणतः मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्गाकडे जाणारी होडी वाहतूक व सागरी क्रीडा बंद ठेवण्यात येतात. दिवसातून दोनदा येणारी भरती प्रतिदिनी सु. ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते व अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पद्मगडासारखी ठिकाणे उधाणाच्या दिवसांतील ओहोटीस पाहावी लागतात आणि पाणी चढण्यापूर्वी परतावे लागते. या बाबतीत स्थानिक कोळ्यांचा व गाबितांचा सल्ला प्रमाण मानावा. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यापासून मुंबई व गोव्याहून येणे सुलभ झाले. कणकवली, कुडाळ व सावंतवाडी रोड ही सोयीची स्थानके होत. चिपी येथील विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले.

सागरी जीवसृष्टी व रापण : किल्ल्याभोवतीच्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळ, स्पंज, शैवले व नानाविध मासे आढळतात. या समृद्धीमुळे १३ एप्रिल १९८७ रोजी येथे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९·१२ चौ.किमी. आहे. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला व तो दीर्घकाळ टिकून राहिला.

येथील पारंपरिक मासेमारीत रापणीला विशेष स्थान आहे. होडीतून लांब जाळे अर्धवर्तुळाकार सोडून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसे मिळून ओढतात व मिळालेल्या मासळीचे वाटे करतात. या पद्धतीस मोकळी व सलग पुळण लागते. जी वाळू पर्यटकास फिरण्याची जागा वाटते, ती रापणकरांचे कामाचे ठिकाण असते. पुळणीवर उपाहारगृहे, नौका व वाहने यांची दाटी झाल्यास रापणीस जागा उरत नाही.

पर्यटनाचे परिणाम : निवास-न्याहारी योजना, होडी वाहतूक व पाण्याखालील दर्शन यांमुळे अनेक कुटुंबांना उत्पन्नाचे नवे साधन मिळाले असून मुंबईकडे होणाऱ्या स्थलांतरास पर्याय निर्माण झाला आहे. त्याचबरोबर काही हानीही झाली आहे. प्रवाळ हा सजीवांचा समूह असून त्याची वाढ अत्यंत मंद असते. त्यावर पाय ठेवल्याने किंवा नांगर टाकल्याने मोडलेला भाग भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. पाण्याचे तापमान वाढल्याने होणारे प्रवाळांचे विरंजन मालवण परिसरातही आढळले आहे. देवबागचा दांडा समुद्र व खाडी या दोन्ही बाजूंनी झिजत असल्याने त्यावरील वाढते बांधकाम चिंतेचा विषय ठरले आहे.

किनाऱ्यावरील वारा व खारी हवा यांचा हिशेब न सुटणारा असतो. राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. २०२५ मध्ये त्या जागी नवा पुतळा उभारण्यात आला. समोरच्या बेटावरील तट मात्र साडेतीनशेहून अधिक पावसाळे सोसून उभा आहे. तोही अबाधित नाही : लाटांच्या माऱ्याने काही ठिकाणी पायाचे दगड निखळत असून झाडांच्या मुळांनी सांधे उघडले आहेत.

या किनाऱ्याचे संरक्षण तुकड्यातुकड्यांनी करता येत नाही. तटाचे जतन पुरातत्त्व विभागाकडे, प्रवाळांचे वन विभागाकडे, होड्यांचे नियमन बंदर खात्याकडे व पुळणीवरील बांधकाम किनारा नियमनाच्या अधिसूचनांखाली, अशी प्रशासकीय विभागणी असली, तरी समुद्र ती जाणत नाही. बुडालेल्या खडकांनी एके काळी किल्ल्याचे रक्षण केले. आज त्याच खडकांवरील प्रवाळांत मासे वाढतात, मच्छीमारांचा उदरनिर्वाह चालतो व पर्यटक आकृष्ट होतात. त्यांपैकी एकाची हानी झाली, तर उरलेलेही फार काळ टिकणार नाहीत. येथे येणाऱ्यांची संख्या किती असावी, हे निवासाच्या खोल्यांवरून न ठरविता पाणी, वाळू व खडक यांच्या सहनशक्तीवरून ठरविणे आवश्यक आहे.