बेडगीची लाली आणि तिखटाची आग

हुबळीच्या अमरगोळ बाजार समितीत आणि हावेरी जिल्ह्यातील ब्याडगीच्या पेठेत सुगीनंतर ज्या सुरकुतलेल्या, गडद लाल मिरचीचे ढीग लागतात, ती महाराष्ट्रात बेडगी या नावाने ओळखली जाणारी आणि २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची रंगाने जितकी भडक, तितकीच तिखटाला सौम्य असते. याचे कारण असे की, मिरचीची लाली कॅप्सॅन्थिन या रंगद्रव्यामुळे येते, तर आग होते ती कॅप्सेसिन या निराळ्या, रंगहीन द्रव्यामुळे. ते बियांपेक्षा बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढुरक्या भागात अधिक साठते. त्यामुळे रश्श्याचा रंग पाहून हात आखडणाऱ्या पाहुण्याची भीती बेडगीच्या बाबतीत बहुधा अनाठायी ठरते.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिखट ही चव नसून वेदना आहे. गोड, आंबट, खारट आणि कडू यांची नोंद रुचिकलिका घेतात. तिखटाची नोंद मात्र चेहऱ्यावरील व तोंडातील स्पर्श, उष्णता आणि वेदना मेंदूकडे पोहोचवणाऱ्या त्रिमूळ चेतेच्या उघड्या टोकांत होते. इजा करू शकणाऱ्या उद्दीपनालाच प्रतिसाद देणाऱ्या अशा टोकांना वेदनाग्राही म्हणतात आणि ही संज्ञा चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये रूढ केली. ही टोके मिरची ओळखतात कशी, याचे उत्तर १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. पेशीच्या पटलात टीआरपीव्ही-१ नावाचे एक प्रथिन असते आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की ते दारासारखे उघडते. कॅप्सेसिन त्याला चिकटले, तर तेच दार तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाही उघडते. मग कॅल्शियम व सोडियमचे विद्युतभारित कण आत शिरतात, पटलावरील विद्युतदाब बदलतो आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मज्जातंतूतून विद्युत् संदेश निघतो. दार उष्णतेने उघडले की मिरचीने, हे त्या संदेशात नसते. म्हणून काहीही भाजलेले नसताना मेंदू भाजल्याचाच निष्कर्ष काढतो आणि कपाळाला घाम फुटतो. या शोधासाठी ज्युलियस यांना, स्पर्शाचे ग्राही शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह, २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तोंड आलेले असताना कोमट चहाही झोंबतो तो याच यंत्रणेमुळे, कारण सुजलेल्या ऊतींत तयार होणारी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये या प्रथिनाची उघडण्याची मर्यादा खाली आणतात. पक्ष्यांमधील हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. त्यामुळे पक्षी मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर पसरतात.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दूध किंवा दही घ्यावे आणि मिरच्या निवडून झाल्यावर हातांना आधी तेल चोळून मग साबण लावावा, तोवर डोळ्यांना हात लावू नये.