समुद्रकाठची सहल: पाणी प्या, पाय सांभाळा

मस्तगडहून समुद्र चारशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. आपल्या वस्तीतल्या बहुतेक बायांनी तो पाहिलाच असेल, तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेतून. तो दिवस अभिवादनाचा, गर्दीचा आणि लेकराचा हात घट्ट धरून ठेवण्याचा. वाळूत निवांत चालायला तेव्हा जागा नसते आणि मनही नसतं. म्हणून आम्ही बायांना सांगतो, वर्षातून एक दिवस फक्त समुद्रकाठी चालायला काढा. भाकरी बांधून घ्या, लेकी-सुना आणि म्हाताऱ्या सासूलाही बरोबर घ्या.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "आम्ही काय कमी चालतो का?" खरं आहे. धुणीभांडी, बांधकाम, शेतातली मजुरी, सगळं पायांवरच चालतं. पण ते चालणं डोक्यावर ओझं घेऊन, दुसऱ्याच्या वेळेवर आणि विसावा न घेता होतं. सरळ पाठीने, मोकळ्या हाताने, आपल्या चालीने अर्धा तास सलग चालणं आपल्या वाट्याला फार थोडं येतं. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवायला या चालण्याची मदत होते. आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा वेगाने चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कुठे जायचं?

आम्ही सोपाऱ्याचं नाव सुचवतो. जालन्याहून रात्री देवगिरी एक्सप्रेसने निघालं की सकाळी दादर. तिथून विरारची लोकल पकडून नालासोपारा. स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षाने थोडं गेलं की सोपाऱ्याचा स्तूप लागतो. गावातले लोक त्या जागेला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धमूर्ती सापडल्या. हे सोपारा म्हणजे जुन्या काळचं शूर्पारक बंदर.

त्याच वर्षी इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. त्या लेखाचा विषय सहलीचाच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रा काढत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधगयेची वाट धरली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. वृद्धांना भेटणं, दान देणं, खेड्यापाड्यातल्या माणसांशी बोलणं हे त्या यात्रांचं काम होतं. आपल्या सहलीतही म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नका, असं आम्ही सांगतो ते याच आधारावर.

स्तूप पाहून झाला की पुढे रिक्षाने किंवा बसने राजोडी, कळंब हे किनारे गाठता येतात.

पौर्णिमा आणि भरती

आपल्याकडे सहल बहुतेक पौर्णिमेला ठरते. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा भरतीचा एक सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी अकरा-बाराला पाणी भरलेलं असतं. शिवाय पौर्णिमा-अमावस्येची भरती मोठी असते.

म्हणून पौर्णिमेला सकाळ स्तुपासाठी ठेवा, दुपार सावलीत जेवणासाठी. चारच्या पुढे पाणी मागे सरतं, ऊन उतरतं, तेव्हा चाला. साडेपाचला किनारा सोडून परतीच्या गाडीसाठी निघा. नेमकी वेळ स्थानिक लोकांना विचारूनच घ्या. पौष किंवा माघ पौर्णिमा बरी. बुद्धपौर्णिमा वैशाखात येते. तेव्हा तिकडे पारा जालन्यापेक्षा खाली असला तरी हवा दमट असते, घाम अंगावरच राहतो आणि अंग थंड होत नाही. कोरड्या उन्हाची सवय असलेली आपली माणसं तिथे लवकर थकतात.

लघवीला जावं लागेल म्हणून...

आमची सगळ्यात मोठी काळजी हीच आहे. प्रवास म्हटला की बाया पाणी पिणं बंद करतात. एका सहलीत आमच्यातल्या एका ताईंनी रात्री गाडीत बसल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेमतेम एक पेला पाणी घेतलं होतं. चालायला सुरुवात केली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन त्या खाली बसल्या. दोन दिवसांनी लघवीची आग आणि ताप सुरू झाला. असं अनेकींचं होतं, पण त्या लाजेने बोलत नाहीत.

यावर "पाणी प्या" एवढं सांगून भागत नाही, सोय लावावी लागते. उतरण्याआधी गाडीत, मग दादरला, मग नालासोपाऱ्याला सगळ्यांनी जाऊन यायचं, एकटीने उठायचं नाही. पाच-दहा रुपयांची चिल्लर एकीकडे ठेवायची. किनाऱ्यावर जिथे स्वच्छतागृह वापरू देतील अशा ठिकाणाजवळच बसायचं. माणशी दोन लिटर पाणी आणि दर तासाला दोन घोट तरी. पाळी आली म्हणून कुणीही घरी थांबू नये. पॅड आणि कागदी पिशव्या जास्तीच्या घ्याव्यात.

चक्कर आली तर सावलीत आडवं करून पाय उंच ठेवा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजा.

साखर, रक्तदाब आणि पाय

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, एकदम भूक, बावरल्यासारखं बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं. लगेच तीन चमचे साखर द्या, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. इन्सुलिन उन्हात ठेवू नका.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. प्रवासात ती गोळी मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना आधी विचारा. चालताना छातीत दुखणाऱ्यांनी तपासणी करूनच यावं.

मधुमेहात पायांची जाणीव कमी होते. तापलेली वाळू, शिंपला, फुटकी काच टोचलेली कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी वाळूत अनवाणी चालू नये, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर लेकीने पाहावं.

कोरड्या मऊ वाळूत चालायला रस्त्यापेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते. पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू धरा. किनारा उतरता असतो, त्यामुळे एका गुडघ्यावर भार येतो. जेवढं पुढे जाल तेवढं त्याच वाटेने परत या, म्हणजे भार सारखा वाटला जातो. तयारी तीन आठवडे आधी मोती तलावाकडे सुरू करा. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तीस.

डबा कसला?

संध्याकाळी बांधलेला डबा दुसऱ्या दुपारी उघडायचा आहे. भात, खिचडी, ओलसर भाज्या, खोबऱ्याची चटणी नेऊ नका, आंबतं आणि जुलाब होतात. धपाटे, दशम्या, कडक भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, ठेचा, कांदा, लिंबू, गूळ, फुटाणे टिकतात. केळी तिथेच घ्या. हात धुवायला साबणाचा तुकडा हवाच.

पाण्यात घोट्यापर्यंतच

ओहोटीचं पाणी आत ओढतं आणि भिजलेली साडी पाय धरून ठेवते. त्यामुळे घोट्याच्या वर पाणी नको. लेकरांवर नजर ठेवायला दोन जणी पाळीपाळीने नेमा. त्या दोघींनी त्या वेळी मोबाईल हातात घ्यायचा नाही. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. ओढणी, साडी, झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे फेका, ओरडून जवळच्या कोळी बांधवांना बोलवा आणि ११२ लावा.

आता पैशाचं. आठवड्याला थोडे थोडे पैसे बचत गटात बाजूला ठेवले, तर माघापर्यंत भाडं जमतं. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर पाच मिनिटं थांबा. कोण कोण येणार, कुणाला कोणती गोळी चालू आहे आणि घरी स्वयंपाक कोण करणार, हे तिथेच वहीत लिहून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या पुरुषांनी द्यावं, अशी आमची विनंती आहे.

जय भीम!