बड्याच्या मटणाचा रंग

बड्याचं, म्हणजे मोठ्या जनावराचं, मटण घेणारा माणूस आधी भाव विचारतो, पण तुकडा निवडतो तो डोळ्यांनी. अंधेरी असो वा घाटकोपर, इथल्या गिऱ्हाइकाची निवड कायद्याने आधीच आखलेली आहे. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976च्या कायद्याने आली, मार्च 2015मध्ये बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. राहिली म्हैस. तिच्या मांसात मायोग्लोबिन हे रंगद्रव्य जास्त, म्हणून ते गडद दिसतं. चरबी मात्र पांढरीशुभ्र, कारण चाऱ्यातलं पिवळं कॅरोटिन म्हशीच्या चरबीत जवळजवळ उतरतच नाही. गडद रंग पाहून ‘जनावर म्हातारं असेल’ किंवा ‘माल शिळा आहे’ असं ठरवणं म्हणूनच घाईचं.

ताजा काप जांभळट असतो. हवा लागली की तो लालभडक होतो आणि काही काळाने तपकिरी. हा सगळा मायोग्लोबिन आणि ऑक्सिजनचा खेळ. जंतूंची वाढ ही वेगळी गोष्ट, ती कळते आंबूस वासावरून, बोटाला लागणाऱ्या चिकटपणावरून. यावर कुणी म्हणेल, गरिबाला रंगाचं काय, त्याला स्वस्ताई हवी. भावाचं वजन मोठं आहे, हे मान्यच. पण भाव फार तर कोंबडी, बकरा की म्हैस हे ठरवतो. एकाच दराच्या दोन तुकड्यांत निवड करताना पुन्हा डोळेच पुढे होतात. शिवाय तपकिरी म्हणून नाकारलेला चांगला तुकडा वाया गेला, तर त्याची किंमत अखेर भावातच चढते, आणि ती सर्वात आधी जाणवते कमी पैशांत घर चालवणाऱ्यालाच.