सहलीला खुरपे न्यावे का?

निवासी सहल ठरली की शिक्षक सामानाची यादी करू लागतात. दोर, विजेऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, पातेली अशी ती वाढत जाते आणि मग कोणीतरी विचारतेच, "खणायला काही घ्यायचे का?" गिर्यारोहणाच्या दुकानांत घडी करून पाठपिशवीत मावणारी पोलादी फावडी मिळतात. ती पाहून मोह होतो. पण काय खणायचे, कोणत्या जमिनीत आणि किती जणांसाठी, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

आधी वजनाचा मुद्दा निकालात काढू. असे फावडे साधारण एक किलोचे असते. एक किलो वजन ६०० मीटर उंच चढवायला सुमारे ५,९०० ज्यूल कार्य करावे लागते. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच स्नायू अशा कार्यासाठी वापरू शकतात. म्हणजे प्रत्यक्ष खर्च २४ ते ३० हजार ज्यूल, अर्थात सहा-सात किलोकॅलरी. दीड-पावणेदोन ग्रॅम साखरेत तेवढी ऊर्जा असते! तेव्हा ऊर्जेची चिंता नको. खरी अडचण अशी की पाठीला सोसेल तेवढेच ओझे नेता येते आणि त्यातला एक किलो फावड्याला दिला तर एक लिटर पाणी खाली राहते. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीत हा सौदा परवडणारा नाही.

हे आखूड फावडे मुळात प्रवाशांसाठी घडवलेले नाहीच. लिनेमन नावाच्या डॅनिश लष्करी अधिकाऱ्याने १८७० च्या सुमारास ते प्रचारात आणले. सैनिकाला आडवे पडून, गोळ्या चुकवत, स्वतःपुरता आडोसा खणता यावा म्हणून त्याचा दांडा आखूड. उभ्याने खणणाऱ्याच्या कमरेला मात्र ती शिक्षाच.

जमिनीत पाते शिरते ते दाबामुळे, आणि दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, ५० किलोचा मुलगा फावड्यावर पूर्ण भार देऊन उभा राहिला. पात्याची कड १५ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड असेल तर भार ३ चौरस सेंटिमीटरवर विभागला जातो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १७ किलो. आता आठवडी बाजारातले साधे खुरपे घ्या. टेकणारी धार ४ सेंटिमीटर, जाडी १ मिलिमीटर, हाताचा जोर फक्त १० किलो. दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो! कडक जमीन फोडायला म्हणूनच खुरपे सरस ठरते. एका वेळी मातीही थोडीच निघते, हे खरे. (ही आकडेमोड आठवी-नववीच्या मुलांना जरूर करायला द्यावी.)

पण खणायचे कशासाठी? तंबूभोवती पाण्यासाठी चर काढण्याची जुनी पद्धत आता सोडलेली बरी. हल्लीच्या तंबूंना जलाभेद्य तळ असतो आणि उतारावर काढलेला चर पुढच्या पावसात ओघळ बनतो. मग उरते एकच महत्त्वाचे काम, शौचाची व्यवस्था. या विषयावर वर्गात बोलायला आपण संकोचतो. पण गडावरचे लोक आणि आपली मुलेही जी पाण्याची टाकी वापरतात, त्यांत भोवतालच्या कातळावरून वाहून आलेले पाणीच साठत असते. विषमज्वर, पटकी, 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ हे सर्व रोग विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात येतात. एका बेफिकीर सकाळीची किंमत पुढच्या आठवड्यात येणाऱ्या दुसऱ्याच शाळेच्या मुलांना मोजावी लागू शकते.

मैला मातीआड करावा, हा विचार आपल्याकडे जुना आहे. गांधीजींनी पूअर या इंग्रज डॉक्टराचा आधार घेऊन सांगितले होते की मैला नऊ ते बारा इंचांपेक्षा खोल पुरू नये. अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात गोपुरी संडासाचा प्रसार केला, त्यामागेही मैल्याचे सोनखत करण्याचीच दृष्टी होती. उथळ पुरण्यामागे शास्त्र आहे. कुजवणारे जीवाणू, बुरश्या आणि किडे प्रामुख्याने जमिनीच्या वरच्या थरात असतात, कारण तेथे प्राणवायू आणि कुजलेला पाला मिळतो. आज सहसा १५ ते २० सेंटिमीटर खोली सांगितली जाते.

मात्र पुरले की प्रश्न मिटला, असे समजू नये. अमेरिकेत माँटाना राज्यातील संशोधकांनी डोंगरात रोगजंतू मिसळलेली विष्ठा वेगवेगळ्या खोलीवर पुरून पाहिली. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की साल्मोनेला जीवाणू आख्खा हिवाळा तगून राहिले आणि खोलीमुळे फारसा फरक पडला नाही. आपली माती उबदार, त्यामुळे कुजण्याचा वेग अधिक. तरीही जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात. थोडक्यात, माती रोगजंतूंना ताबडतोब मारत नाही. ती त्यांना माश्यांपासून, पायांपासून आणि वाहत्या पाण्यापासून दूर ठेवते. म्हणून खोलीपेक्षा जागेची निवड अधिक मोलाची. पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची ऐंशी पावले, अंतर हवे.

जागा निवडताना जमीन पाहावी लागते. काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी होते आणि पावसाळ्यात अवजाराला चिकटून बसते. मुरमात खुरपे चालते, पण सावकाश. कोकणातले सडे किंवा कास यांसारख्या जांभ्याच्या पठारांवर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो आणि त्यात कंदवर्गीय वनस्पतींचे कंद दडलेले असतात. तेथे खणणे म्हणजे पुढच्या वर्षीची फुले उपटणे. संरक्षित स्मारक असलेल्या किल्ल्यांवर तर परवानगीशिवाय खणण्याला कायद्यानेच बंदी आहे. मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले, आणि मातीखाली काय दडले असेल हे आपल्याला कोठे ठाऊक असते? अशा ठिकाणी पायथ्याच्या गावातली शौचालये वापरण्याची व्यवस्था आधीच करावी, नाही तर सर्व काही पिशवीत घालून खाली आणावे. दुसरा पर्याय किळसवाणा वाटतो, पण अशक्य नाही.

आता संख्येचा विचार करू. एका व्यक्तीपुरता १५ सेंटिमीटर व्यासाचा आणि सुमारे १७ सेंटिमीटर खोलीचा खड्डा म्हणजे तीन लिटर माती. मुरमाड जमिनीत त्याला दहा मिनिटे धरली तर एका खुरप्याने चाळीस मुलांचे काम आटोपायला ४०० मिनिटे, म्हणजे पावणेसात तास लागतील! चार-पाच जणांच्या गटाला खुरपे पुरते, वर्गाला नाही. वर्गासाठी आदल्या संध्याकाळी ३० सेंटिमीटर रुंद, तेवढेच खोल आणि तीन मीटर लांब असे दोन चर खणावेत, एक मुलींसाठी आणि एक मुलांसाठी, दोन्हींना आडोसा हवा. प्रत्येकातून २७० लिटर माती निघेल. हे काम घडीच्या फावड्याने करू गेलात तर बिजागरी तरी खिळखिळी होईल, नाही तर मनगट. त्यासाठी गावातून कुदळ आणि मोठे फावडे मागून घ्यावे. लोक आनंदाने देतात.

म्हणजे घडीचे फावडे घरी आणि खुरपे सोबत, असे आमचे मत. चराजवळ ते ठेवले म्हणजे प्रत्येकाला उठताना माती लोटता येते. दगड हलवतानाही हाताऐवजी त्याचाच उपयोग करावा, कारण फुरसे आणि विंचू दगडांखालीच असतात. सॅनिटरी नॅपकिन मात्र चरात टाकू नयेत. त्यांतले प्लास्टिक कुजत नाही, ते कागदात गुंडाळून परत आणावेत. मुलींना हे निघण्यापूर्वीच, बाईंनी, स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि खुरप्याशेजारी साबण हवाच.

चर खणण्यापूर्वी तेथे एक छोटासा प्रयोग मुलांकडून करून घेता येईल. वीतभर खोल खड्डा खणून त्यात बाटलीभर पाणी ओतायचे आणि ते मुरायला किती वेळ लागतो हे घड्याळात पाहायचे. पाणी तासभर तसेच उभे राहिले, किंवा न ओतताच खड्ड्यात पाझरू लागले, तर ती जागा सोडून दुसरी शोधावी.